‘घरगुती कारण’ लिहून फाईल बंद होते, जवान मात्र जातच राहतात

युनिटमधून घरी फोन येतो. बहुतेक वेळा तो वडिलांना किंवा भावाला येतो. पलीकडून कुणीतरी साहेब अडखळत सांगतात की, तुमचा मुलगा आता या जगात राहिला नाही, त्याने स्वतःच स्वतःचा जीव घेतला. दोन दिवसांनी पार्थिव गावात येतं. सोबत आलेले जवान कमी बोलतात. गावात कुजबुज सुरू होते, “बायकोशी पटत नव्हतं म्हणे”, “कर्ज झालं होतं म्हणे.” काही महिन्यांनी चौकशीचा निकाल लागतो आणि त्यातही साधारण हेच शब्द असतात: घरगुती कारण.

आमचा आक्षेप या दोन शब्दांना आहे. ते खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण ते अर्धेच खरे आहेत. आणि अर्ध्या खऱ्यावर फाईल बंद झाली की पुढच्या जवानाचा जीव वाचवता येत नाही.

आपल्या समाजातही फौजेत, सीआरपीएफमध्ये, बीएसएफमध्ये, सीआयएसएफमध्ये नोकरी करणारी मुलं आहेत. भरतीसाठी पहाटे उठून रस्त्यावर धावणारी तर त्याहून जास्त. त्यामुळे हा विषय दिल्लीचा किंवा फक्त अधिकाऱ्यांचा नाही. ज्या घरातला मुलगा वर्दी घालतो, त्या प्रत्येक घराचा आहे.

आकडे काय सांगतात?

जुलै २०२२ मध्ये तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री अजय भट्ट यांनी राज्यसभेत माहिती दिली की, आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यात ६४२ भूदलातले, १४८ हवाई दलातले आणि २९ नौदलातले होते. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द लष्करानेच एका निवेदनात सांगितलं की, २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान अशा प्रकारे जातात.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी वगैरेंचा हिशेब वेगळा असतो, कारण ती दलं गृह मंत्रालयाच्या हाताखाली येतात. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत तिथे ७३० जवानांनी जीव दिला. वर्षवार पाहिलं तर १४४, १५७, १३८, १५७ आणि १३४. आकडा थोडा वर जातो, थोडा खाली येतो, पण तिथेच घुटमळतो. एखाद्या वर्षी चुकून घडलेली ही गोष्ट नाही. यंत्रणेत काहीतरी असं आहे, जे दरवर्षी साधारण तेवढीच माणसं गिळतं.

शत्रूच्या गोळीने इतकी माणसं गेली असती, तर प्रत्येक घटनेचा नकाशा मांडला गेला असता. कुठून हल्ला झाला, पहाऱ्यात कुठे फट राहिली, पुढच्या वेळी काय बदलायचं, हे सगळं तपासलं असतं. हाच न्याय आतून तुटलेल्या जवानाला का लागू होत नाही?

चौकशी होते, पण कशाची?

चौकशी होतच नाही असं कुणी म्हणू नये. लष्करात अशा प्रत्येक मृत्यूनंतर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते. साक्षी होतात, कागद तयार होतात. पण या चौकशीचे मुख्य प्रश्न दोन. एक, कुणाची चूक होती का? दोन, मृत्यूचा संबंध नोकरीशी लावायचा की नाही? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर घरच्यांचं पेन्शन अवलंबून असतं. मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलं तर विशेष कुटुंब पेन्शन, नाही तर साधं कुटुंब पेन्शन. म्हणजे ‘घरगुती कारण’ हे शब्द विधवेच्या चुलीपर्यंत पोहोचतात.

पण तिसरा प्रश्न, जो सगळ्यात महत्त्वाचा, तो या कागदात मध्यभागी नसतो. तो असा की, हा मृत्यू टाळण्याची संधी कुठे कुठे होती आणि ती आपल्या हातून का निसटली?

आता ‘घरगुती कारण’ जरा उलगडून पाहू. समजा, जवानाच्या गावी जमिनीचा वाद आहे. भाऊबंदांनी बांध सरकवला आहे. म्हातारे वडील तलाठ्याकडे खेटे घालतात. मुलगा दोन हजार किलोमीटरवर आहे आणि फोनवर फक्त ऐकू शकतो. रजा मागतो, ती पुढे ढकलली जाते. शेवटी मिळते तेव्हा पंधरा दिवसांची, त्यातले चार प्रवासात जातात. वाद सुटत नाही. तो परत ड्युटीवर येतो, मनात तोच गुंता घेऊन, आणि पहिल्याच रात्री पहाऱ्यावर उभा राहतो. इथे कारण घरगुती आहे की नोकरीचं? वाद घरचा आहे, पण तो सोडवायला माणूस घरी नव्हता, हे नोकरीचं आहे.

ही निव्वळ कल्पना नाही. गृह मंत्रालयाने नेमलेल्या टास्क फोर्सने केंद्रीय दलांतल्या मृत्यूंचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे समोर आली: ८० टक्क्यांहून अधिक आत्महत्या जवान रजेवरून परतल्यानंतरच्या काळातल्या होत्या. एकेका फाईलमध्ये ही गोष्ट दिसत नाही. तिथे फक्त एका माणसाचं भांडण दिसतं. शेकडो फाईली शेजारी ठेवल्या की मग कळतं, धोक्याची वेळ कोणती. आणि वेळ कळली की उपाय अगदी साधे असू शकतात. रजेवरून आलेल्या जवानाला पहिले काही दिवस एकट्याने रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवू नये. कंपनी कमांडरने त्याला बसवून चहा पाजावा आणि विचारावं, “घरी सगळं ठीक ना? काम झालं का?” गावचा प्रश्न अडला असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना युनिटमधून पत्र जावं.

मृत्यूंचा आढावा घेणं म्हणजे हेच. त्यात कुणाला सुळावर चढवायचं नसतं. जे एका फाईलमध्ये दिसत नाही, ते शंभर फाईलींत शोधायचं असतं.

अमेरिकेच्या हवाई दलाने काय केलं?

असा आढावा खरोखर जीव वाचवतो का? त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेच्या हवाई दलाकडे आहे. नव्वदच्या दशकात तिथे आत्महत्या वाढल्या. १९९६ मध्ये दलाच्या प्रमुखांनी हा विषय डॉक्टरांच्या खात्यातून बाहेर काढला आणि सगळ्या कमांडरांची जबाबदारी केला. झालेले मृत्यू एकत्र तपासले गेले. त्यात कळलं की, नातं तुटणं, पैशांची अडचण आणि कायद्याचा ससेमिरा या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

त्यातून नियम निघाले. एखाद्या जवानाची गुन्ह्याबाबत चौकशी सुरू झाली, तर चौकशी संपल्यावर त्याला एकट्याला खोलीवर सोडायचं नाही. त्याच्या वरिष्ठाला बोलवायचं आणि माणूस माणसाच्या हाती सोपवायचा. मदत मागितली म्हणून बढती अडणार नाही, हे वरिष्ठांनी उघडपणे बोलून दाखवायचं. पुढे २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या कार्यक्रमाचा अभ्यास छापून आला. त्यानुसार कार्यक्रमानंतरच्या काळात आत्महत्येचा धोका आधीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी झाला होता.

याच गोष्टीचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. २००४ मध्ये तिथला आकडा पुन्हा उसळला. संशोधकांनी मागे जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं की, त्या काळात कार्यक्रमाची अंमलबजावणी ढिली पडली होती. म्हणजे औषध चांगलं होतं, पण डोस चुकला. एक परिपत्रक काढून हा आजार जात नाही, दरवर्षी पाठपुरावा लागतो.

अमेरिकेत आज सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०२३ या एका वर्षात त्यांच्या लष्करी दलांत, राखीव दल आणि नॅशनल गार्ड धरून, ५२३ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. पण ही संख्या आपल्याला कळते, कारण तिथलं संरक्षण खातं दरवर्षी स्वतःहून अहवाल छापतं. वय काय, हुद्दा काय, आधी कोणत्या अडचणी होत्या, मदत मागितली होती का, हे त्यात असतं. या अहवालांमुळे एक मोठा गैरसमजही दूर झाला. लोकांना वाटायचं की, युद्धावर जाऊन आलेलेच खचतात. अहवाल सांगतात की, जाणाऱ्यांत मोठा भाग तरुण, खालच्या हुद्द्यांवरच्या मुलांचा असतो आणि त्यांतल्या अनेकांनी लढाई कधी पाहिलेलीही नसते.

प्रश्न चुकला की उत्तर चुकतं

चौकशीत प्रश्न कोणता विचारला, यावर सगळं कसं ठरतं, याचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. एप्रिल २०२२ मध्ये ‘यूएसएस जॉर्ज वॉशिंग्टन’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरच्या तीन नौसैनिकांनी आठवड्याभरात जीव दिला. जहाज समुद्रात नव्हतंच. ते २०१७ पासून व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभं होतं आणि काम वर्षानुवर्षं लांबत चाललं होतं.

पहिल्या चौकशीचा प्रश्न होता, या तीन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध आहे का? उत्तर आलं, नाही. तिघांच्या अडचणी वेगळ्या होत्या. इथेच फाईल बंद करता आली असती. पण नंतर दुसरी चौकशी झाली आणि तिने वेगळा प्रश्न विचारला: या जहाजावर माणसं कशी राहत होती? उत्तर हादरवणारं होतं. दिवसरात्र यंत्रांचा आवाज, धूळ, झोप नाही, धड राहायची सोय नाही, गाडी लावायला लांबवर जागा, आणि नोकरीत नुकतीच आलेली पोरं महिनोन्महिने त्याच लोखंडी पेटीत. तिघांची दुःखं वेगळी होती, पण छत एकच होतं. शेवटी शेकडो नौसैनिकांना जहाजावरून हलवून बाहेर राहायला जागा दिली गेली.

आपल्याकडच्या बराकी, तंबू, सलग निवडणूक ड्युट्या, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या बदल्या यांच्याकडे याच नजरेने पाहायला हवं. प्रत्येक मृत्यूचं कारण ‘वैयक्तिक’ निघेलही. पण छत कुणाचं होतं?

ऑस्ट्रेलियात आया उभ्या राहिल्या

ऑस्ट्रेलियाची कहाणी आपल्या वाचकांनी, विशेषतः आयांनी, जरूर समजून घ्यावी. तिथे मुलगा गमावलेल्या मातांनी आणि कुटुंबांनी अनेक वर्षं लढा दिला. सरकार आधी दुसरीच एखादी समिती देऊ पाहत होतं. कुटुंबांनी रॉयल कमिशनचा आग्रह सोडला नाही. रॉयल कमिशन म्हणजे साक्षीदाराला बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे पूर्ण अधिकार असलेला सर्वोच्च चौकशी आयोग. जुलै २०२१ मध्ये तो नेमला गेला. अध्यक्ष होते निक काल्डास, माजी वरिष्ठ पोलीस अधिकारी. म्हणजे लष्कराच्या रांगेतला माणूस नाही.

तीन वर्षं सुनावण्या चालल्या. हजारो लोकांनी आपली कैफियत लेखी दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये सात खंडांचा अहवाल आणि १२२ शिफारशी आल्या. अहवालानुसार १९९७ ते २०२१ या काळात किमान १,६७७ आजी-माजी सैनिकांनी आत्महत्या केली होती. त्याच काळात कर्तव्यावर शत्रूकडून किंवा मोहिमेत मारले गेलेल्यांच्या वीस पटींहून हा आकडा जास्त आहे.

आयोगाला दिसलेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली अशी की, सगळ्यात जास्त धोका सेवेतल्यांना नव्हता, सेवा सोडलेल्यांना होता. नोकरी सोडलेल्या पुरुषांतलं प्रमाण सामान्य पुरुषांपेक्षा सुमारे पावपट जास्त होतं आणि महिलांमध्ये तर दुपटीहून अधिक. आजारपणामुळे किंवा मनाविरुद्ध ज्यांना दल सोडावं लागलं, ते सगळ्यात धोक्यात होते. वर्दी गेली की ओळख जाते, मित्र जातात, दिनक्रम जातो. आपल्याकडे संसदेत जी उत्तरं दिली जातात, त्यात सेवेतल्यांचाच हिशेब असतो. निवृत्त होऊन गावी आलेला, सिक्युरिटी गार्डची नोकरी शोधणारा चाळिशीतला फौजी त्यात मोजलाच जात नाही. आणि आता चार वर्षांनी मोठ्या संख्येने घरी परतणारे अग्निवीरही असतील. त्यांचीही गणना होणार की नाही, हे आजच ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट कागदांची. आयोगाने अंतिम अहवालाची वाट न पाहता ऑगस्ट २०२२ मध्येच अंतरिम अहवाल दिला आणि सांगितलं की, माजी सैनिकांच्या भरपाईचे जवळपास ४२ हजार अर्ज धूळ खात पडले आहेत आणि हा विलंबच माणसांना मारतो आहे. त्यानंतर सरकारला जास्तीचे कर्मचारी नेमावे लागले. मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्याला समुपदेशन आणि योग शिबिरं आठवतात. इथे उपाय निघाला तो जास्तीचे कारकून नेमण्याचा. हे फक्त मृत्यूंचा नीट आढावा घेतला म्हणूनच कळलं.

आयोगाने आणखी एक कटू सत्य मांडलं. याआधी ऑस्ट्रेलियात या विषयाभोवती पन्नासहून अधिक चौकशा झाल्या होत्या. शेकडो शिफारशी कपाटात होत्या. म्हणून आयोगाने शेवटी मागणी केली ती कायमस्वरूपी स्वतंत्र संस्थेची, जी शिफारशींचं काय झालं हे दरवर्षी विचारत राहील. अशी संस्था तिथे कायद्याने स्थापनही झाली.

आपल्याकडे अडतं कुठे?

आपल्याकडे काहीच झालं नाही, हे म्हणणं अन्यायाचं ठरेल. २०१९ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी जाहीर केलं की, केंद्रीय दलांतल्या जवानाला वर्षातून १०० दिवस कुटुंबासोबत मिळावेत. संकल्प चांगला आहे. प्रत्यक्षात तो किती जणांपर्यंत पोहोचतो, हाच प्रश्न. आपल्या पुण्यात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे एएफएमसीमध्ये, १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘टेली-मानस’चा खास कक्ष सुरू झाला. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी ही सोय आहे.

पण जवान फोन उचलेल का? इथे कायदा आणि रीत दोन्ही त्याचा हात मागे खेचतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सामान्य नागरिकाबाबत मोठा बदल केला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. पण १९५० च्या लष्कर कायद्यात, कलम ६४ मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न हा आजही गुन्ह्यांच्या यादीत आहे. शिवाय लष्करात प्रत्येकाची ‘शेप’ नावाची वैद्यकीय श्रेणी असते आणि त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक स्थितीचं असतं. श्रेणी घसरली की बढती, कोर्स, चांगली पोस्टिंग सगळं अवघड होतं. मग कुठला जवान साहेबांसमोर उभा राहून म्हणेल, “सर, मला झोप येत नाही, मनात वाईट विचार येतात”? अमेरिकेने यावर ‘ब्रँडन अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा केला. मुलगा गमावलेल्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून तो २०२१ च्या अखेरीस मंजूर झाला. जवानाने कोणत्याही वरिष्ठाला कधीही, कारण न सांगता, मानसिक तपासणी मागितली, तर ती गोपनीयता राखून लवकरात लवकर द्यावीच लागते.

आणि रीतीचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबमधल्या एका कोवळ्या अग्निवीराचा जम्मू-काश्मीरमध्ये असा मृत्यू झाला. त्याला लष्करी मानवंदना मिळाली नाही म्हणून देशभर वाद झाला. लष्कराने स्पष्ट केलं की, हे अग्निवीर म्हणून झालेलं नाही. १९६७ च्या आदेशानुसार, स्वतःच्या हाताने मृत्यू ओढवून घेतलेल्या कुणालाही लष्करी अंत्यसंस्कार दिले जात नाहीत. नियम सगळ्यांना सारखा आहे, हे मान्य. पण नियमच पुन्हा तपासायची वेळ आली आहे. अमेरिकेतही पूर्वी आत्महत्या केलेल्या सैनिकाच्या घरी राष्ट्राध्यक्षांचं सांत्वनपत्र जात नसे. २०११ मध्ये बराक ओबामा यांनी युद्धक्षेत्रातल्या अशा मृत्यूंसाठी ती रीत बदलली. पत्राने मुलगा परत येत नाही. पण घरच्यांची मान खाली जात नाही, आणि मान वर असलेली माणसंच मोकळेपणाने बोलतात.

आकड्यांशी आपलं नातंही असंच घाबरं आहे. २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीतल्या ‘युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन’ या संस्थेच्या संकेतस्थळावरचा एक अभ्यास चर्चेत आला. त्यात निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचं म्हटलं होतं. लष्कराने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तो अभ्यास संकेतस्थळावरून उतरवला गेला. अभ्यास कच्चा असेलही. पण मग पक्का अभ्यास लोकांसमोर ठेवायला हवा होता.

आता आपल्या घरातलं बोलू

लष्कराच्या १९६७ च्या आदेशावर बोट ठेवणं सोपं आहे. पण आपल्या मोहल्ल्यात तरी वेगळं काय होतं?

आत्महत्या हराम आहे, यात दुमत नाही. जीव अल्लाहची अमानत आहे. पण या एका वाक्याच्या आड आपण घरच्यांना किती छळतो? जनाजाची नमाज होणार की नाही यावर मय्यत घरात असताना वाद घालतो. त्याच्या बायकोकडे संशयाने पाहतो. मग घरचे खरं सांगणंच बंद करतात. “अपघात झाला”, “हार्ट अटॅक आला” असं सांगून मोकळे होतात.

दीनची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अशा एका व्यक्तीच्या जनाजाची नमाज स्वतः पढवली नाही, ही हदीस आपल्याला ठाऊक असते. पण बहुसंख्य फुकहांचं मत असं आहे की, अशा मुस्लिमाच्या जनाजाची नमाज इतरांनी पढायचीच आहे, तो इस्लामच्या बाहेर जात नाही. ‘सहीह मुस्लिम’मध्येच आणखी एक हदीस आहे, जी फार कमी वेळा सांगितली जाते. हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत हिजरत करून आलेला एक माणूस आजारपणाच्या वेदना सोसू शकला नाही आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. पुढे तुफैल यांना तो स्वप्नात दिसला, चांगल्या स्थितीत, पण हात झाकलेले. त्यांनी हे प्रेषितांना (स.) सांगितलं, तेव्हा प्रेषितांनी त्याच्या हातांनाही माफी मिळावी म्हणून अल्लाहकडे दुआ केली. ज्याच्यासाठी प्रेषितांनी दुआ केली, त्याच्यासारख्याच दुःखी माणसाच्या आईला आपण टोमणे मारायचे?

हा मुद्दा फक्त दयेचा नाही, आढाव्याचाही आहे. मृत्यूमागचं खरं चित्र युनिटच्या कागदांत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं घरात असतं: शेवटच्या महिन्यातले फोन, रजेवर असताना त्याचं गप्प बसणं, रात्रभर जागणं, आईला विनाकारण “मला माफ कर” म्हणणं. कुटुंब लाजेने गप्प बसलं, तर हे अर्धं चित्र त्याच्यासोबत कबरीत जातं. ऑस्ट्रेलियाचा आयोग उभा राहिला तो आया बोलल्या म्हणून. आपल्या आयांना बोलता यावं, यासाठी आधी आपण टोमणे थांबवायला हवेत.

मागायचं काय आणि करायचं काय?

सरकारकडे आमच्या मते चार मागण्या करायला हव्यात. लष्कर आणि केंद्रीय दलं यांनी आत्महत्यांचा वार्षिक अहवाल, कुणाचंही नाव न देता, जाहीर करावा. खासदाराने प्रश्न विचारेपर्यंत थांबू नये. आढावा त्या युनिटबाहेरच्या माणसांनी घ्यावा, त्यात मानसोपचारतज्ज्ञ असावा आणि कुटुंबाचं म्हणणं नोंदवणं सक्तीचं असावं. हा आढावा पेन्शनच्या चौकशीपासून वेगळा ठेवावा, म्हणजे पैसे जातील या भीतीने कुणी काही लपवणार नाही. आणि लष्कर कायद्यातलं कलम ६४ मधलं ते कलमकसाईपण २०१७ च्या कायद्याशी जुळवून काढून टाकावं. माजी सैनिकांची गणना यात धरलेलीच असावी.

घरच्यांनी काय करावं? मुलगा रजेवर आला की पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे सगळ्या तक्रारी मांडू नका. पण त्याच्यापासून लपवूही नका. लपवलेलं त्याला मित्रांकडून कळतं आणि जास्त लागतं. जमिनीचं, कोर्टाचं, कर्जाचं काम असेल तर त्याची रजा संपेपर्यंत वाट पाहू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. ते याच कामासाठी असतं. तो परत गेल्यावर पहिले दोन आठवडे रोज फोन करा. “मी ओझं झालोय”, “माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल” अशी भाषा ऐकू आली, आवडत्या वस्तू तो वाटून टाकू लागला, तर गंमत समजू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं झाकण निघतं. लगेच त्याच्या जवळच्या साथीदाराला, सुभेदार साहेबांना कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो जवानासाठी आहे तसाच बायकोसाठी, आईसाठीही आहे.

आणि ज्या घरात हे घडून गेलं आहे, त्यांनी चौकशीच्या कागदांची प्रत मागावी. मृत्यूचा नोकरीशी संबंध नाकारला असेल, तर सैन्यदलाच्या जवानाच्या कुटुंबाला सशस्त्र सेना न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. हक्क मागण्यात लाज नाही.

मशिदींच्या इमाम साहेबांनाही एक विनंती. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी हा विषय घ्या. आत्महत्या हराम आहे, हे सांगाच. पण त्याच दमात हेही सांगा की, मन आजारी पडतं, त्याचा इलाज करणं सुन्नत आहे आणि मदत मागणारा माणूस कमजोर ईमानाचा नसतो.

सीमेवर मुलगा जातो तेव्हा आई दुआ करते की, शत्रूपासून त्याची हिफाजत होवो. ती दुआ यापुढेही करायचीच आहे. पण त्याला आतून काय पोखरतंय, हे विचारणारी व्यवस्था उभी राहावी, म्हणून आवाजही उठवायचा आहे. पुढच्या वेळी कुठल्या फाईलवर ‘घरगुती कारण’ लिहिलं गेलं, तर तिथे कुणीतरी पेन थांबवून विचारायला हवं, “बरोबर आहे, पण आपण काय करू शकलो असतो?”